प्रस्तावना: भातखाचरातला छोटा डिझेल ट्रॅक्टर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत छोट्या डिझेल ट्रॅक्टरची खरी परीक्षा जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत होते. राबावर पेरलेले रोप तीन-साडेतीन आठवड्यांत आवणीला येते आणि तेवढ्या अवधीत खाचरांची उखळणी, चिखलणी उरकावी लागते. पावसाने ओढ देऊन मग जोर धरला की सगळ्यांचीच खाचरे एकदम पाण्याला येतात आणि एका ट्रॅक्टरमागे चार-पाच घरे वाट पाहत थांबतात. अशा वेळी यंत्र बंद पडले तर नुकसान सुट्या भागाच्या किमतीवर थांबत नाही. रोप जून होते, फुटवे कमी येतात, उतारा घटतो. बाकीच्या महिन्यांत चार दिवसांचा खोळंबा खपून जातो. या दीड महिन्यात खपत नाही. म्हणून या भागातल्या ट्रॅक्टरच्या निगेचा विचार पावसापासून सुरू करावा लागतो, तासांच्या मीटरपासून नव्हे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यांपैकी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी आणि खुद्द ठाणे यांच्यावर शहरांचा पसारा आहे. शेतीचा मोठा भाग शहापूर-मुरबाडकडे येतो. एकीकडे कसारा घाट, दुसरीकडे माळशेज, मधल्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी खाचरे. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी याच डोंगराळ पट्ट्यातून मुंबईला जाते, आणि मे महिन्यात इथल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. चार महिने चिखल आणि आठ महिने धूळ, अशा दोन टोकांच्या परिस्थितीत एकच इंजिन चालवायचे असते.

इथली खाचरे लहान, वेडीवाकडी आणि उंच बांधांची आहेत. बैलजोडी त्यांत सहज वळते. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हसा गावच्या म्हसोबाच्या यात्रेतला मोठा बैलबाजार याच गरजेची साक्ष देतो. मोठा ट्रॅक्टर मात्र अशा खाचरात कोपरे सोडतो आणि बांध फोडतो. त्याहून गंभीर अडचण वजनाची आहे. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या खाचरात वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी धरून ठेवणारा तोच आणि चाकाला आधार देणाराही तोच. दोन टनांच्या आसपास वजन असलेला मोठा ट्रॅक्टर केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाके) लावून वारंवार फिरला की हा थर जागोजागी फुटतो, पाणी झिरपून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी चाक रुतते. पॉवर टिलरचे वजन चारशे किलोच्या आसपास, तर पंधरा ते वीस अश्वशक्तीच्या चारचाकी ट्रॅक्टरचे साडेसहाशे ते साडेआठशे किलो. या जमिनीला हे हलके वजनच मानवते.

हे यंत्र मुळात भातशेतीतूनच आले आहे. जपानमध्ये यानमार कंपनीने १९३३ साली शेतावर वापरता येईल इतके लहान डिझेल इंजिन बनवले आणि पुढे तिथल्या भातखाचरांसाठी टिलर आणि छोटे ट्रॅक्टर घडत गेले. भारतात १९६७ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने आणि १९७३ साली स्थापन झालेल्या, केरळमधल्या अथणीच्या कामको या सरकारी कंपनीने कुबोटाच्या सहकार्याने टिलर बाजारात आणले. आज कोकणपट्टीत व्हीएसटीचा ‘शक्ती १३०’ टिलर, एका सिलिंडरचे महिंद्र ‘युवराज २१५’ व ‘स्वराज ७१७’, तीन सिलिंडरचा ‘शक्ती एमटी १८०’, आणि जरा वरच्या शक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला कुबोटा ‘बी २४४१’ अशी यंत्रे मिळतात. एक सिलिंडरचे इंजिन हादरे जास्त देते, पण त्याचे सुटे भाग कमी आणि दुरुस्ती स्वस्त. तीन सिलिंडरचे शांत चालते. नोझल, पिस्टन, रिंगा मात्र सगळेच तिप्पट. ज्याला सरळगाव किंवा किन्हवलीच्या बाजारपेठेत मिस्त्री गाठायचा आहे त्याने हा हिशेब खरेदीपूर्वीच करावा.

छोट्या ट्रॅक्टरची एक जमेची बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेले धुराचे नवे कडक निकष पन्नास अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना आहेत. त्यामुळे मोठ्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली. वीस अश्वशक्तीच्या यंत्रात अजून साधा यांत्रिक पंप आणि नोझल आहे. पाना, फीलर गेज आणि अनुभवी कान एवढ्यावर गावातला मिस्त्री त्याची प्राथमिक तपासणी करू शकतो.

आता बिघाडाकडे. चिखलात चालणाऱ्या ट्रॅक्टरचे सर्वांत मोठे दुखणे इंजिनात नसून ऑइल सीलमध्ये असते. मागचा ॲक्सल, पुढचे हब आणि पीटीओचा, म्हणजे अवजाराला शक्ती देणारा, दांडा जिथे बाहेर येतो तिथे रबरी सील असते. त्याच्या ओठाखाली बारीक वाळू गेली की ती दांड्यावर खाच पाडते, आणि मग नवे सील घातले तरी गळती थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक छुपा. तासभर काम करून गिअरबॉक्स गरम झालेला असतो. तो थंड पाण्यात उभा राहिला की आतली हवा आकसते आणि कमकुवत सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर हा ताण सगळा सीलवर येतो. म्हणून मधल्या सुट्टीत ट्रॅक्टर खाचरातल्या पाण्यात उभा करू नये, बांधावर काढावा. चिखलणीच्या दिवसांत रोज सकाळी, यंत्र रात्रभर स्थिर राहिल्यानंतर, गिअरबॉक्स आणि ॲक्सलच्या निचऱ्याचा बोल्ट थोडा सैल करावा. तळाशी साचलेले पाणी असेल तर आधी तेच गळते. तेल दुधट दिसले तर ते पूर्ण बदलावे. दुधट तेलावर हंगाम काढण्याचा मोह महागात पडतो, कारण बेअरिंगला गंज लागायला हंगाम संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्या ट्रॅक्टरच्या क्लच-हाउसिंगला खाली निचऱ्याचे छिद्र असते, तिथे चिखलणीपूर्वी बूच लावावे आणि हंगाम संपताच ते काढावे. बूच लावले नाही तर पाणी क्लच प्लेटवर जाते. काढायचे राहिले तर झिरपलेले तेल आतच साचते, आणि क्लच सरकू लागेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

संध्याकाळी ट्रॅक्टर धुतला पाहिजे. पण कसा, याला महत्त्व आहे. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा सील, अल्टरनेटर, ब्रीदर आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांवर थेट मारू नये. चिखल ओला असतानाच साध्या नळीने किंवा बादलीने धुवावा. ग्रीस द्यायचे ते धुतल्यानंतर. निपलमधून नवे ग्रीस आत जाताना सांध्यात शिरलेले पाणी आणि माती बाहेर ढकलली जाते. जुने ग्रीस ओघळून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन चालवावी आणि वर आलेले पुसून टाकावे, नाही तर त्यावर वाळू बसते. पुढच्या ॲक्सलची मधली पिन, किंगपिन आणि पीटीओ शाफ्टचा क्रॉस ही ठिकाणे चिखलणीत रोज, एरवी आठवड्याला. ऑगस्टमध्ये होणाऱ्या दुरुस्तीचा बराच खर्च या रोजच्या वीस मिनिटांत वाचतो.

डिझेलमधले पाणी हा या पट्ट्यातला दुसरा शत्रू. खेड्यापाड्यांतला शेतकरी पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणतो आणि पडवीत ठेवतो. ओल्या हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये, तसेच अर्ध्या रिकाम्या टाकीत, रात्री दव धरते आणि थेंब तळाशी जमतात. यावर उपाय जुनाच आहे. टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. कॅन आदल्या दिवशी एका जागी ठेवून द्यावा आणि तळाचे चार बोटे डिझेल टाकीत ओतू नये. गाळण्यासाठी बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. फडक्याचे धागे सुटतात आणि तेच फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टरच्या वाटीतले पाणी चिखलणीत दर दोन-तीन दिवसांनी काढावे. पाणी नोझलपर्यंत पोहोचले तर त्याची सुई गंजते आणि फवाऱ्याऐवजी धार पडू लागते.

फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की इंजिन हवा धरते. ती काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे असतो: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या नळीचा नट. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे जायचे. हा क्रम उलटा केला तर बॅटरी उतरते, इंजिन सुरू होत नाही, आणि दोष पंपाला दिला जातो.

इंजिन ऑइल बदलण्याचे अंतर कंपन्या तासांत देतात. नव्या यंत्राला साधारण पहिल्या पन्नास तासांनंतर, पुढे पुस्तिकेप्रमाणे शंभर ते अडीचशे तासांनी. एकाच घराच्या दोन-तीन एकरांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तेवढे तास कधी कधी वर्षभरातही भरत नाहीत, आणि तेल ‘अजून चांगले आहे’ म्हणून तसेच राहते. तेल केवळ फिरण्याने खराब होत नाही. जळणातून येणारी वाफ थंड इंजिनात पाणी होऊन तेलात मिसळते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर आले असल्याने आम्लाचा त्रास कमी झाला, ओलीचा झाला नाही. म्हणून तास भरले नसले तरी पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तेल आणि तेलाचा फिल्टर बदलणे इथे शहाणपणाचे.

ऑक्टोबरनंतर धोका पालटतो. कापणी, झोडणी, मळणीयंत्राचा भुसा, मग वाल-हरभरा, भेंडी-काकडीची रानं, विटा-रेतीच्या खेपा, सगळीकडे धूळ. सिलिंडरमध्ये गेलेली धूळ लायनर आणि रिंगांना घासून काढते. तेलाच्या एअर क्लीनरमधली पातळी खुणेइतकीच हवी. कमी असेल तर धूळ अडत नाही. जास्त असेल तर इंजिन ते तेल ओढून घेते आणि त्यावरच सुसाट धावू शकते. मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहावी आणि गाळ बसला असेल तर तेल बदलावे. कागदी फिल्टर कधीही धुऊ नये; आतून बाहेर हलकी हवा मारावी आणि फाटला वाटला तर फेकावा. हवेच्या नळीची क्लिप सैल असेल तर महागड्या फिल्टरचाही उपयोग नसतो, आणि तपासताना नेमकी तीच राहून जाते. रेडिएटरच्या जाळीत भाताचा भुसा अडकला की दुपारच्या उन्हात पाणी उकळते. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात, म्हणून तयार कूलंटच भरावा.

धुराचा रंग बऱ्याच गोष्टी सांगतो. भार असताना काळा धूर निघाला तर हवा कमी पडते आहे, नोझल बिघडले आहे किंवा अवजार झेपत नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर टिकला तर डिझेल न जळता बाहेर पडत असते किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे; रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. काळ्या धुरावर आधी एअर क्लीनर साफ करून पाहावा. निम्म्या वेळा पंपाकडे जाण्याची गरजच पडत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ट्रॅक्टर उभा असतो आणि याच काळात तो सर्वांत जास्त कुजतो. टाकी पूर्ण भरलेली, बॅटरीची ऋण तार सुटी, चाके शक्य तर लाकडी ठोकळ्यांवर, क्लचचे पेडल पट्टीने दाबून धरलेले, रोटाव्हेटरच्या पात्यांना जुने तेल चोपडलेले, अशा स्थितीत तो ठेवावा. पंधरा दिवसांनी सुरू करावा तो अर्धा तास चालवण्यासाठी. दोन मिनिटे फुरफुरवून बंद केला तर इंजिन गरम होत नाही, उलट ओल वाढते. गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहणे बरे.

सुधारणांचा विषय निघाला की मालकाच्या मनात प्रथम येते ती शक्ती. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. जादा डिझेलला तेवढी हवा मिळत नाही. काळा धूर, तापलेला पिस्टन आणि वर्षभरात रिंगांचे काम एवढेच हाती येते. खाचरात बहुतेक वेळा अडचण शक्तीची नसून पकडीची असते. त्यामुळे पहिला खर्च चाकांवर करावा. उंच, विरळ दात्यांचे भाताचे टायर किंवा टायरला जोडून लावायचे अर्धे केज व्हील, दोन्ही छोट्या यंत्राला चालतात. केज व्हील जितके बाहेर, तितका ॲक्सल आणि बेअरिंगवर ताण. म्हणून कंपनीने सांगितलेल्या रुंदीपुढे जाऊ नये आणि डांबरी रस्त्यावर ते काढूनच चालावे. टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवण्याची रीत माळावरच्या नांगरटीला ठीक, चिखलणीला घातक.

दुसरा खर्च पाणी-माती बाहेर ठेवणाऱ्या गोष्टींवर: दुहेरी ओठाची चांगली सीले, हबवर पत्र्याची ढाल, इंधनाच्या मार्गात जादा पाणी-विभाजक, एअर क्लीनरवर धूळ आधीच फेकून देणारा प्री-क्लीनर. हे सगळे मिळून एका इंजिनकामाच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पहाटे-संध्याकाळी काम करणाऱ्याला एलईडी दिवे उपयोगी. हॅलोजनचे दोन दिवे शंभराहून अधिक वॅट ओढतात आणि छोट्या अल्टरनेटरला ते जड जाते. पॉवर स्टीअरिंग नंतर बसवणे शक्य असले तरी आठशे किलोच्या ट्रॅक्टरला ते चैनीचेच म्हणावे लागेल.

रोटाव्हेटर निवडताना रुंदीचा हव्यास टाळावा. पंधरा ते वीस अश्वशक्तीला साधारण एक मीटर पुरे. पाती झिजली की जोडीने बदलावीत, नाही तर दांडा थरथरतो आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते. या भागातल्या खाचरांत दगड निघतात. शिअर बोल्ट तुटतो तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. त्याच्या जागी कडक पोलादी बोल्ट घालणे ही सुधारणा नव्हे.

इंजिनच बदलण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी पाहावे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी, नाही तर अपघातानंतर विमा हात वर करतो. ट्रॉलीच्या वजनाचेही तसेच. छोट्या ट्रॅक्टरला विटांची भरलेली मोठी ट्रॉली ओढता येते, पण उतारावर ती थांबवता येत नाही.

वापरलेला ट्रॅक्टर घेणाऱ्याने तो आधी कुठे चालला हे विचारावे. नाशिककडच्या द्राक्षबागांत असेच अरुंद ट्रॅक्टर तासन्‌तास फवारणी करतात. तिथून घाट उतरून आलेल्या यंत्राचा पीटीओ झिजलेला आणि पत्रा औषधांनी खाल्लेला असू शकतो; पाण्यात कधी न उतरलेली सीले पहिल्याच चिखलणीत गळू शकतात. नव्या यंत्राबाबत मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे अहवाल पाहावेत. जाहिरातीतली अश्वशक्ती इंजिनाची असते. अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती आणि डिझेलचा खप दिलेला असतो. रोटाव्हेटर चालतो तो त्या दुसऱ्या आकड्यावर.

जिवाशी येणाऱ्या चुका मोजक्याच आहेत आणि त्या बांधावर घडतात. उंच बांध सरळ पुढे चढवला तर रोटाव्हेटरच्या वजनाने तोंड उचलते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. बांध चढायचा तो मातीचा उतार करून, अवजार शक्य तितके खाली ठेवून, आणि खडा असेल तर मागे घेत. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची युक्ती करू नये. चाक अडकले की ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. टिलर मागे घेताना रोटरी बंद असलीच पाहिजे. पात्यांत अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढायचे नाही, घाई कितीही असो.

घरी करण्याची कामे आणि कारागिराकडे सोपवण्याची कामे यांची सीमा स्पष्ट आहे. तेल, फिल्टर, ग्रीस, पट्ट्याचा ताण, पेडलचे अंतर, बॅटरी, हवा काढणे हे मालकाचे काम. नोझलचा दाब आणि इंधनपंपाचे मोजमाप चाचणी-बेंचवरच होते. टॅपेट, क्लच आणि ॲक्सलची सीले जाणत्या मिस्त्रीकडे द्यावीत. ही दुसऱ्या प्रकारची कामे एप्रिल संपण्यापूर्वी उरकावीत. मेच्या अखेरीस सगळेच ट्रॅक्टर एकदम गॅरेजला येतात आणि साध्या सीलसाठीही थांबावे लागते.